माहिती देणारी : पत्नी

४ जानेवारी

चि. पिटू,

अक्षर ओळखून पाकीट परत पाठवू नकोस. फोन लावला की तुझ्याकडून कट होतो, दोन वर्षं होतोय, म्हणून पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा तरी नजर टाकतो, तेवढ्या आशेवर लिहिते आहे.

बाबांना डिसेंबरात दवाखान्यात ठेवावं लागलं. खरंच ठेवावं लागलं. तू म्हणशील, झालं आईचं सुरू. म्हणून डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे. माझ्यावर नाही तर निदान शिक्क्यावर विश्वास ठेव. हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. डॉक्टरांनी पेनने चित्र काढून दाखवलं, तर बाबांनी विचारलं, "तोंड किती मिलिमीटरचं असायला हवं आणि आता किती आहे?" डॉक्टर हसले. जन्मभर काचा कापून फ्रेमा केलेला माणूस, दुसरं काय विचारणार. झडप बदलली तर पुन्हा दुकानात उभे राहतील म्हणाले. नाही बदलली तर काय, ते त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. दोन-तीन महिन्यांच्या आत व्हायला हवं.

आता ज्यासाठी लिहिते ते. तू पहिल्या पगारातून आम्हा दोघांची आरोग्य विम्याची पॉलिसी काढली होतीस ना, ती मी कपाटात चादरींच्या खाली जपून ठेवली होती. चादर बदलताना दरवेळी हाताला लागायची आणि मला बरं वाटायचं. कुणी आजारपणाचं रडगाणं गायला लागलं की मी म्हणायचे, आमच्या पोरीनं आमची सोय केली आहे. तर विम्यावाल्यांनी नाही म्हणून कळवलं आहे. दवाखान्यातल्या कुणा शिकाऊ डॉक्टरनं भरतीच्या कागदावर भलतंच लिहून ठेवलंय, की धाप पाच वर्षांपासून लागते. पॉलिसीला झाली तीन वर्षं दोन महिने. म्हणजे आजार आधीचा, म्हणून तो विम्यात बसत नाही. पाच वर्षं कुठून काढली त्या पोरानं, देव जाणे.

पॉलिसी तू काढलीस, तुला त्यांची भाषा येते. एक फोन कर त्यांना. मला नको करूस, त्यांना कर.

आई


१९ जानेवारी

चि. पिटू,

पत्र परत आलं नाही. म्हणजे पोचलं, असं मी धरून चालले आहे.

सध्या घरात एकच पुस्तक वाचलं जातं, पॉलिसीचं. बाबा खाटेवर टेकून बसतात, हातात पट्टी आणि पेन्सिल. एकेका ओळीखाली पट्टी धरून वाचतात आणि कळली नाही तर पेन्सिलीनं बारीक टिंब देतात. काय मिळतं ते दीड पानात उरकलंय. काय मिळत नाही ते सात पानं. चष्मा नाही, दात नाहीत, कानाचं यंत्र नाही. घरी राहून घेतलेले उपचार नाहीत. नुसती तपासणी करायला भरती झालात तर नाही. युद्धात जखमी झालात तर नाही, स्वतः विमान चालवताना पडलात तर नाही. बाबा म्हणाले, "चला, विमान आपण चालवत नाही, तेवढी एक काळजी मिटली." मला हसू आलं आणि मग हसता हसता स्वयंपाकघरात जावं लागलं.

चौथ्या पानावर आहे ते. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेला आजार पहिली चार वर्षं बसत नाही. तिथं बाबांनी टिंब दिलं नाही. ते त्यांना एका वाचनात कळलं.

मी तीन वर्षं ते पुस्तक चादरीखाली ठेवलं, उघडलं एकदाही नाही. एरवी नवा रेडिओ घेतला तरी मी खोक्यावरचंसुद्धा वाचते. पण हे तू दिलेलं होतं, आणि तू दिलेलं तपासून काय बघायचं, असं मला वाटलं.

विम्याच्या कचेरीत गेले होते. काचेच्या खिडकीमागे एक बाई बसतात, वयानं तुझ्याएवढ्या, बोलायला चांगल्या. त्यांनी दवाखान्याचा तो कागद काढून काचेला लावून दाखवला. धाप, पाच वर्षं. त्याच्या खाली एक रकाना आहे, माहिती देणारी व्यक्ती. त्यात लिहिलंय, पत्नी.

मी म्हटलं, गडबडीत ऐकण्यात चूक झाली असेल. बाई म्हणाल्या, "काकू, चूक झाली असेल तर डॉक्टरांकडून दुरुस्त करून आणा." दवाखान्यात गेले. तो शिकाऊ डॉक्टर भेटला, डोळे सुजलेले, झोप नसेल झाली. म्हणाला, "मी ऐकलं तेच लिहिलंय. लिहिलेलं खोडता येत नाही मला."

सरकारी दवाखान्यातही नाव घातलं आहे. आमचा नंबर जूनमध्ये येईल म्हणतात. विकून टाकावं असं आमच्याकडे काय आहे तुला माहीत आहे, एक शिलाई मशीन आणि भिंतीला टेकवलेल्या काचा.

फोन केलास का त्यांना?

आई


२ फेब्रुवारी

पिटू,

गेल्या दोन पत्रांत मी खोटं लिहिलं. म्हणजे खोटं असं नाही, पण आडून आडून लिहिलं. चोराच्या मनात चांदणं असतं तसं झालं होतं. आता सरळ सांगते.

पाच वर्षं मीच म्हटलं.

त्या दिवशी बाबा दुकानात काच कापत होते. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मला बोलावलं. मी पोचले तर ते स्टुलावर बसून माशासारखे तोंड उघडून श्वास घेत होते. दवाखान्यात बाहेरच्या पॅसेजमध्ये बारा-पंधरा माणसं होती. होती आठ-नऊ, पण मला तेव्हा पन्नास वाटली. तो डॉक्टर कागद घेऊन आला, मान वर न करता विचारलं, किती दिवसांपासून? माझ्या पुढच्या बाईनं सांगितलं होतं, दोन दिवस. तिला त्यानं बाकावर बसायला सांगितलं होतं आणि ती तिथंच बसून होती. आमच्या आईची शिकवण तुला माहीत आहे, दवाखान्यात चार सांगावे तेव्हा दोन ऐकतात. मी म्हटलं, "अहो डॉक्टर, पाच वर्षं झाली, असेच धापा टाकतायत." त्यानं मान वर केली. लगेच आमचा स्ट्रेचर आत घेतला. मला वाटलं, जिंकले.

पिटू, मी दिवसभर मशीनवर दुसऱ्यांचे कपडे घट्ट-सैल करून देते. गिऱ्हाईक म्हणतं उद्याच हवं, त्याला हवं असतं आठवड्यानं. मी म्हणते चार दिवस लागतील, मला लागतो एक. शिवणीत जादा कापडाची माया सोडावी तसं सगळेच थोडं जास्तीचं बोलतात आणि ऐकणारा आपापल्या मापानं कमी करून घेतो, असंच मी धरून चालत आले. लिहून घेणारा काही कमी करत नाही, हे मला साठाव्या वर्षी कळलं. अठ्ठावन्नाव्या.

आणि अजून एक आहे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी पाच वर्षं म्हटलं तेव्हा बाबा स्ट्रेचरवर होते, तोंडावर मास्क. त्यांनी हात वर केला. एक बोट वर केलं आणि हलवलं. मला वाटलं पाणी मागतायत. मी हात धरून चादरीखाली घातला आणि म्हटलं, "गप्प पडा हो, मी बोलतेय ना." त्यांनी पुन्हा बाहेर काढला, मी पुन्हा आत घातला. ते एक वर्ष म्हणत होते, पिटू. तेही पुरतं नाही, दहा महिने. गेल्या फेब्रुवारीत जिन्यात पहिल्यांदा थांबले होते, चौथ्या पायरीवर. आपला जन्म गेला, मी काही म्हणायचं आणि त्यांनी शेजारून दुरुस्त करायचं. पाच नाही गं, तीन. शंभर नाही, साठ. जन्मात एकदाच मी त्यांना दुरुस्त करू दिलं नाही.

आता कचेरीतल्या बाईंनी एक वाट सांगितली आहे. पाच वर्षांपूर्वी बाबांना काही त्रास नव्हता आणि माहिती देणाऱ्या बाईचं सांगणं भरवशाचं नाही, असं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी नोटरीचा शिक्का घेऊन लिहून द्यायचं. मी स्वतः दिलेलं चालत नाही, कारण तेव्हाही मीच बोलले आणि आताही मीच फिरवणार. मग वरचे लोक फेरविचार करतील. मुदत मार्चच्या दहा तारखेपर्यंत.

बाबांना म्हटलं, द्या लिहून. त्यांनी लिहिलं, पाच वर्षांपूर्वी मी खांद्यावर सहा फुटी काच घेऊन तीन मजले चढत होतो. तारीख घातली, सही केली, पेन ठेवून दिलं. म्हटलं, पुढचं? म्हणाले, "पुढचं नाही लिहिणार."

"अहो, जगजाहीर आहे ते. पोरीनं त्यापायी घरात पाऊल टाकणं सोडलं."

"असू दे जगजाहीर. माझ्या बायकोचं ऐकू नका असं मी कागदावर लिहून देणार नाही."

"आणि जीव गेला तर?"

"तर तो माझा जाईल," म्हणाले आणि कुशीवर वळले.

कचेरीत तो कागद अपुरा म्हणून परत आला. हट्टी माणूस आहे. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. दोन दिवस नाही, दुपारपासून संध्याकाळपर्यंत.

म्हणून तुझ्यापुढे पदर पसरते. पाच वर्षांपूर्वी तू याच घरात होतीस, तू बघितलंयस. आणि दुसरं जे लिहायचं, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? दोन वर्षांपूर्वी मी फोनवर म्हटलं, बाबांचं काही खरं नाही, असशील तशी निघून ये. तुला हव्या असलेल्या त्या नव्या नोकरीची शेवटची मुलाखत होती. तू ती सोडून रात्रभर प्रवास करून आलीस आणि बाबा दुकानात उभे, चहा पीत. साधा ताप होता. मला तू हवी होतीस, बास. तू पाणीसुद्धा प्यायली नाहीस. दारातून म्हणालीस, "आई, यापुढे तू मेलीस असं कुणी सांगितलं तरी मी आधी खात्री करून घेईन." ते सगळं लिही. काही ठेवू नकोस. जितकं वाईट लिहिशील तितकं बरं. मला वाचून दाखवू नकोस म्हणजे झालं.

आई


२४ फेब्रुवारी

पिटू,

आलं. पाच पानं, खाली सही, शिक्का. पाकिटात आणखी काही आहे का म्हणून मी ते उलटं करून झटकलं. नव्हतं. नसू दे. तुझं अक्षर इतकं बाबांसारखं कधी झालं?

मी वाचणार नव्हते, वाचलंच. शाळेतलं तू मनात ठेवलं असशील असं वाटलं नव्हतं. बाईंना मी सांगितलं होतं की तू महिनाभर अंथरुणाला खिळून होतीस, आणि तू दुसऱ्या दिवशी शाळेत धावण्याच्या शर्यतीत पहिली आलीस. सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं तुला, हे मला माहीत नव्हतं. मला तू सांगितलंच नाहीस कधी. पाचही पानांत माझ्याबद्दल एक बरा शब्द नाही. मी सांगितलं होतं तसंच केलंस, आणि माझ्या मेलीच्या छातीत वाचताना दुखलंच.

कागद टेबलावर ठेवून मी बाबांच्या गोळ्या आणायला गेले. दुकानात गर्दी होती. परत आले तर बाबा उठून बसलेले, मांडीवर तुझी पानं, हातात पट्टी. मी म्हटलं, "काय करताय?" म्हणाले, "एक चूक होती."

तू तिसऱ्या पानावर लिहिलं आहेस, आईने फोनवर पंधरा दिवसांचा ताप असल्याचे सांगितले. बाबांनी पट्टी लावून पंधरावर सरळ रेघ मारली होती, वर लिहिलं होतं आठ, आणि शेजारी आपली सही.

मी आठच म्हटलं होतं, पिटू. ते शेजारीच होते. होता दोन दिवसांचा, पण म्हटलं होतं आठ.

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तो शिक्क्याचा कागद आहे." म्हणाले, "शिक्क्याच्या कागदावर तर चूक अजिबात नको. माझ्या पोरीनं खोटी शपथ घेतली असं व्हायला नको." मग थोडा वेळ श्वास घेत बसले. आताशा एक वाक्य बोललं की थांबावं लागतं त्यांना. मग म्हणाले, "आठाचे पंधरा केले बेटीनं. तुझ्यावर गेलीय." आणि हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसले. मला रागवता येईना.

उद्या घेऊन जाते कचेरीत. एका आकड्यानं काय होतंय.

आई


६ मार्च

पिटू,

घेतला नाही. खिडकीतल्या बाईंनी तिसरं पान उलटलं आणि तशाच थांबल्या. "काकू, ही खाडाखोड कुणी केली?" मी म्हटलं, पेशंटनं. म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी आहे त्यांनीच बदललंय, मग हे कसं घेऊ?" मी म्हटलं, बदललंय ते खरं केलंय. म्हणाल्या, "तुमचं खरं असेल काकू, पण स्वच्छ प्रत लागेल." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरात एक वाढवून सांगणारी आणि एक मोजून सांगणारा, दोघांनी मिळून केलं. बाईंचा दोष नाही, त्यांनी मुदत पंचवीस तारखेपर्यंत वाढवून दिली आहे.

तू पुन्हा लिहून पाठव. आठ लिही. आठ, विसरू नकोस.

आणि जमलं तर स्वतः घेऊन ये. हे मी कसं लिहू म्हणजे तुला खरं वाटेल, तेच कळत नाही. बाबांची तब्येत फार, असं लिहिलं की तू थांबशील आणि म्हणशील, फार म्हणजे किती. तर मोजून लिहिते. काल खाटेपासून न्हाणीघरापर्यंत जायला नऊ मिनिटं लागली, अंतर अकरा पावलं. तीन उशा घेऊन बसून झोपतात. पायाच्या घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो, मी घड्याळ लावून पाहिलं, चाळीस सेकंद. यात मी काही वाढवलेलं नाही. बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणाले.

आई


२१ मार्च

पिटू,

बाबा गेले. मंगळवारी, १८ मार्च, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मी शेजारी होते. आदल्या दिवशी त्यांनी अर्धी वाटी पेज घेतली होती. त्रास किती झाला म्हणशील, तर शेवटची वीस मिनिटं झाला. त्याआधी झोप होती.

दाखल्याची प्रत जोडली आहे. तू म्हणाली होतीस खात्री करून घेईन, म्हणून मूळ प्रतच पाठवणार होते. पण ती एकच देतात.

तुझी नवी पानं बुधवारी आली. खाडाखोड नाही, आठ लिहिलंयस. पाकिटात वेगळी चिठ्ठीही होती, मी शनिवारी निघते, बाबांना सांग. शनिवार म्हणजे उद्या. हे पत्र तुला मिळणार नाही, तू वाटेत असशील. तरी लिहिते आहे, कारण मी तोंडानं सांगायला लागले तर पुन्हा काहीतरी वाढवीन. तू आलीस की हेच हातात देईन.

काल मृत्यूच्या नोंदणीच्या कचेरीत गेले होते. कुणालाच सोबत न नेता एकटीच गेले, कारण विचारतील ते मला सांगता यायला हवं होतं. टेबलामागच्या गृहस्थांनी नाव विचारलं, वय विचारलं, मग मान वर न करता म्हणाले, "आजार किती दिवसांपासून?"

मी बोटांवर मोजलं. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, जिन्यातली चौथी पायरी, तिथून मार्चपर्यंत. पुन्हा मोजलं. मागच्या माणसानं खाकरून दाखवलं. मी म्हटलं, "तेरा महिने." त्यांनी लिहिलं.

सवयीनं मी डाव्या बाजूला बघितलं. कुणीच दुरुस्त केलं नाही.

आई